वसंतात किनाऱ्यावर स्थलांतर करणारे पक्षी बघायला नेमकं कधी जावं?
पहाटे जा असं सगळेच सांगतात, पण किनाऱ्यावर घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं टाइमटेबल जास्त महत्त्वाचं. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि तुतारी, चिखल्या, कुरल असे चिखलात चरणारे पक्षी सगळे लांबवर पांगून किडे टिपत असतात, दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसतात. त्यामुळे पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी जाऊन एका जागी गप बसा, पाणी चढेल तसे ते आपोआप जवळ सरकतात. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. आणि सूर्य पाठीशी घ्या, नाहीतर नुसत्या सावल्या.

वसंतातली खरी मजा म्हणजे रंग, एरवी राखाडी दिसणारा पट्टेरी शेपटीचा गॉडविट (लांब चोचीचा किनारी पक्षी, त्यातला नर) तेव्हा मस्त विटकरी लाल होतो. न्यूझीलंडहून निघालेले हे पक्षी चीन-कोरियामधल्या पिवळ्या समुद्रापर्यंत जवळपास 10,000 किमी न थांबता उडतात, म्हणून फोटोसाठी थवा उठवणारे लोक मला अजिबात सहन होत नाहीत, अंगातली चरबी हेच या पक्ष्यांचं पेट्रोल असतं आणि उगाच उडवलं की ते वाया जातं.

छोटे गाणारे पक्षी बहुतेक रात्री उडतात, वाटेत पाऊस किंवा समोरचा वारा लागला की सकाळी किनाऱ्यालगतच्या झुडपांत उतरलेले सापडतात, अशा दिवशी समुद्र सोडा आणि झुडपंच बघा.