होडीसाठी जुनं आउटबोर्ड इंजिन घेतलं. इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक येते आणि पाच मिनिटांत गरम झाल्याचा भोंगा वाजतो. आधी काय तपासू?

नवा इम्पेलर (पाणी ढकलणारं पंपातलं पाकळ्यांचं चाक) आणण्याआधी इंजिन बंद करून धारेच्या भोकात जाड तंगूस सरकवून बघा. पडून राहिलेल्या इंजिनात तिथे कुंभारीण माशीच्या घरट्याची माती नाहीतर मिठाची खपली अडकलेली असते. गिअरकेसवरच्या (इंजिनाचा पंख्याकडचा खालचा भाग) पाणी ओढणाऱ्या जाळ्याही साफ करा. मग इंजिन पिंपात चालवा, पाणी पंपाच्या वर राहील एवढं भरून. कोरडं अजिबात नको. पाणी नसेल तर रबरी इम्पेलर काही सेकंदांत खराब होतो.

तरीही धार बारीकच असेल तर इम्पेलर बदला. दिसायला चांगला असला तरी बदलाच, कारण बंद इंजिनात त्याच्या पाकळ्या वाकून तशाच राहतात आणि कमी वेगात पाणी उचलत नाहीत. गिअरकेस उतरवण्याआधी गिअरची दांडी सोडवा. पंपाच्या वाटीवर किंवा खालच्या पत्र्यावर नखाला लागतील असे चरे असतील तर तेही बदला, नाहीतर नवा इम्पेलर दाब धरणार नाही. शाफ्टवरची छोटी चावी (इम्पेलर शाफ्टला अडकवणारा धातूचा तुकडा) जागेवर ठेवा, पाकळ्यांना भांड्यांचा द्रवसाबण लावा आणि शाफ्ट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवत वाटी खाली दाबा. गिअरकेस चढवताना पाण्याची नळी तिच्या रबरी बुशमध्ये शिरलीच पाहिजे. ती चुकली की सगळं नवं घालूनही धार येत नाही. जुन्या इम्पेलरची पाकळी तुटलेली असेल तर तुकडा शोधा, तो वर जाऊन पाण्याचा मार्ग अडवतो.

धार जोरदार आहे, तरी इंजिन तापतंय? धारेवरून पंप चालतोय एवढंच कळतं, हेडभोवती (सिलिंडरांवरचं झाकण) पाणी फिरतंय का ते कळत नाही. थर्मोस्टॅट (तापल्यावर पाण्याला वाट देणारी झडप) काढून पाण्याच्या भांड्यात टाका आणि थर्मामीटर धरून तापवा. बऱ्याच मॉडेलांत तो ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडू लागतो. तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. उघडला नाही तर नवा घाला. त्याच्या घरात मिठाचा थर दिसला तर आतले मार्गही तसेच भरलेले असणार, ते क्षार काढणाऱ्या द्रावणाने धुवावे लागतील.

हे सुटे भाग घेण्याआधी मात्र हेडवरचा रंग बघा. तो फुगलेला किंवा करपलेला असेल तर इंजिन पूर्वी जबर तापलेलं आहे. अशा वेळी सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजा. दोन सिलिंडरांत १५ टक्क्यांहून जास्त फरक आला, किंवा स्पार्क प्लगवर पाणी दिसलं, तर हेड गॅस्केटपासूनच (हेडखालची सील) सुरुवात करा.