घुंगरात दिसणारा मोबाइल

प्रश्न : आमचं घरगुती चांदीकाम आहे. पैंजणांचे फोटो मी मोबाइलवर काढून गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवते. फ्लॅश मारला की घुंगरांवर पांढरे ठिपके येतात आणि बाकी चांदी काळी पडते. लाइट बॉक्स आणला, तर त्यात पैंजण ॲल्युमिनियमचं वाटतं. शिवाय प्रत्येक घुंगरात माझा मोबाइल दिसतो! पोलरायझर घेऊ का?
— एक वाचक, हुपरी (जि. कोल्हापूर)

उत्तर : ताई, पोलरायझरवर पैसे घालू नका. लेन्सपुढे लावून फिरवायचा हा फिल्टर काचेवरची, पाण्यावरची चकाकी कमी करतो. उघड्या धातूवर नुसता फिल्टर फिरवून फारसं काही हाती लागत नाही. पैंजणाला मीना असेल तर तेवढ्यापुरता फरक पडेल, कारण मीना म्हणजे काचच.

तुमची चांदी काळी पडत नाही, खोलीतला अंधार तिच्यात दिसतो. भिंत पोपटी असेल तर पोपटी झाकही येईल. मी हे पदरचे पैसे घालवून शिकलो. पहिल्याच कॅटलॉगला २४ निरांजनं होती. दुकानदाराने फोटो डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "हा लाल शर्टवाला कोण?" सगळी पुन्हा काढली, फुकटात. तेव्हापासून कामावर काळा शर्ट.

म्हणून दिवा पैंजणावर मारू नका. पैंजणाला जो दिसणार आहे तो कागद उजळवा. ट्रेसिंग पेपरचा मोठा ताव पैंजणाच्या मागून वर, आपल्याकडे कलता ताणा. चौकटीत येणार नाही इतपत जवळ. दिवा त्या कागदामागे दीड-दोन फुटांवर. दिवा कागदाला चिकटवलात तर उजेडाचा एकच गोळा पडतो आणि तोच घुंगराघुंगरांत उमटतो. बाकी दिवे बंद, खिडकीला पडदा, आणि पंखाही बंद, नाहीतर कागद फडफडत राहील.

लाइट बॉक्समध्ये नेमकं उलटं होतं. चहूकडून पांढरं, त्यामुळे चांदीला काठच उरत नाही. काठाला काळं लागतं. काळ्या कागदाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या पैंजणाच्या दोन्ही अंगांना उभ्या करा आणि स्क्रीनवर बघत हळूहळू सरकवा. एका जागी कडेला बारीक काळी रेघ येते आणि कडी न कडी सुटी दिसायला लागते. मला दिवा लावायला ५ मिनिटं लागतात, या पट्ट्यांपायी तास जातो.

राहिला मोबाइल. घुंगरू म्हणजे गोल आरसा, अख्खी खोली त्यात मावते. त्यामुळे मोबाइल घालवता येत नाही, लहान करता येतो. दोन-अडीच फूट मागे सरका आणि दुप्पट झूमची लेन्स असेल तर ती वापरा. मोबाइल स्टँडवर, टायमर ३ सेकंदांचा. पुढे लेन्सपुरतं भोक पाडलेला पांढरा कार्डशीट धरला की हातही लपतो. उरलेला बारीक ठिपका खुशाल राहू द्या. एडिट करून तो पुसला की घुंगरू प्लास्टिकच्या मण्यासारखं दिसतं.

आणि पॉलिशनंतर पैंजण मांडताना सुती हातमोजे घाला. बोटांचे ठसे फोटो मोठा केल्यावरच दिसतात, तोवर तुम्ही सगळं आवरलेलं असतं.