इंग्लंडच्या दक्षिणेला सॉलेंट सामुद्रधुनीतल्या रेकवर (बुडालेल्या जहाजावर) पहिल्यांदा सर्व्हेला चाललायस, तर हे वाच

अरे वा, नाव दिलंस ते बेस्ट केलंस! मेरी रोझ (आठव्या हेन्रीची बुडालेली युद्धनौका) वर आणली १९८२ साली, तिच्यावर ५०० च्या आसपास स्वयंसेवक डायव्हर खपले होते, आणि त्यातले सगळेच काही आर्किऑलॉजिस्ट नव्हते, तेव्हा घाबरू नकोस.

सगळ्यात आधी बॉयन्सी. एका जागी तरंगत राहता आलं पाहिजे, कारण फिन्स तळाला लागले की गाळ उठतो आणि मग तुलाही दिसत नाही आणि शेजारच्याचंही काम बोंबलतं (मी पहिल्या दिवशी हेच केलं, बोटीवर कोणी बोललं नाही, पण नजरा कळतात). आधी साध्या पाण्यात हातात पाटी-पेन्सिल धरून तरंगायची प्रॅक्टिस कर.

नवीन लोक हमखास करतात त्या चुका:
- एका डाइव्हमध्ये सगळं मोजायला जातात. बेसलाइनपासून (तळाशी आखलेल्या आधाररेषेपासून) चार-पाच मापं घे, पण नीट घे, टेप ताणलेला हवा.
- शेजारी स्केल (मोजपट्टी) न ठेवता फोटो काढतात. दिसायला भारी, उपयोग शून्य.
- वर आल्यावर चहा-गप्पा आणि नोंदी संध्याकाळी. नको रे, तोवर निम्मं विसरतं, अंगावरचं पाणी निथळायच्या आत लिही.

आणि काही उचलायचं नाही, अगदी खिळासुद्धा. संरक्षित रेकवर लायसन्सशिवाय डाइव्हच करता येत नाही, ब्रिटनचा १९७३ चा कायदा आहे. फोटोग्रामेट्री (फोटोंवरून मापं काढणं) वगैरे नंतर बघू, आधी टेपशी दोस्ती कर.