बंदरातला बास हुलकावणी देतो तेव्हा

प्रश्न : बंदराच्या धक्क्यावरून बास माशासाठी रबरी आमिष टाकतो. ठोका जाणवतो, पण मासा लागत नाही. नाहीतर गळ तळाशी अडकतो. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा शिसं जड आणि झटका घाईचा. १० ते १५ फूट पाण्यात ७ ते १० ग्रॅमचं जिगहेड (शिशाचा गोळा बसवलेला गळ) पुरतं; प्रवाह जोराचा असेल तरच १४. आमिष खाली जाताना दोरी जेमतेम ताणलेली ठेवा, कारण बास बहुतेकदा तेव्हाच तोंड घालतो. तळाला टेकलं की रॉडचं टोक फूटभर उचला, पुन्हा पडू द्या. ठोका जाणवला तरी थांबा. रीळ फिरवा, वजन लागलं की मगच रॉड उचला. नुसती शेपटी कुरतडली जात असेल तर ४ऐवजी ३ इंची आमिष लावा.

खांब, दगड, समुद्री गवत असेल तिथे टेक्सास रिग (दोरीवर सरकणारं शिसं आणि त्यापुढे गळ) वापरा, गळाचं टोक रबरात लपवून. आमिष गळावर वाकडं बसलं तर गरगरतं आणि दोरीला पीळ पडतो. कालवांनी लीडर (गळाजवळचा दोरीचा तुकडा) खरवडतो, म्हणून प्रत्येक माशानंतर त्यावर बोट फिरवून बघा.

आणि साचलेल्या पाण्यात वेळ घालवू नका. भरती-ओहोटीचं पाणी वाहतं तेव्हा बास खांबाच्या आडोशाला प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. आमिष प्रवाहाच्या वरच्या बाजूने वाहत त्याच्यापर्यंत येऊ द्या.