समाजशास्त्राच्या पीएचडीचा विषय अर्थशास्त्रात जातोय, बदलू का?

बदलू नका. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यांतल्या बायकांच्या मजुरीवर काम करायचंय आणि गाइड म्हणतात ‘हे अर्थशास्त्र झालं’, असं तुम्ही लिहिलंय. हेच वाक्य मला ऐकवलं गेलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

माझा विषय मालवणकडची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून जाळं ओढायची मासेमारी. जाळं ओढून झालं की वाळूत मासळीचे वाटे लागायचे. मी जायचो त्या रापणीत एका विधवा बाईचाही वाटा असायचा. घरात ओढायला जाणारं कोणी नाही, दोरीला हात नाही, तरी वाटा कसा? वाटे घालणारे आजोबा मान वर न करता म्हणाले, “घोव गेलो, जाळ्यातलो तेचो तुकडो खय गेलो?” म्हणजे नवरा गेला, पण जाळ्यातला त्याच्या मालकीचा तुकडा कुठे गेला?

आता हा प्रश्न मालमत्तेचा, नात्याचा की गावाच्या न्यायाचा? कमिटीतल्या एका प्राध्यापकांचा निकाल तयार होता. वाटणी म्हणजे अर्थशास्त्र, नवरा-बायको म्हणजे मानवशास्त्र, आणि पर्ससीनवाल्यांशी, म्हणजे मोठ्या यांत्रिक जाळ्यांच्या बोटीवाल्यांशी, चाललेला झगडा म्हणजे राज्यशास्त्र. मला प्रबंधातलं वाटणीचं अख्खं प्रकरण काढून टाकायला लावलं. त्या बाईचा वाटा त्याच प्रकरणात होता. मला ते आजही मान्य नाही.

विषयाविषयांत असे गडगे, म्हणजे कुंपणं, घालणाऱ्यांनी आपल्याच विषयाचा इतिहास बघावा. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र विभाग सुरू झाला तो पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली, आणि ते मूळचे जीवशास्त्रज्ञ. त्यांच्यानंतर विभाग उभा करणारे गो. स. घुर्ये आपल्या मालवणचे, एम.ए. संस्कृतात, केंब्रिजला गुरू रिव्हर्स, म्हणजे डॉक्टर आणि मानवशास्त्रज्ञ. घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी बर्लिनला मानवशास्त्रात डॉक्टरेट केली आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र आणि मानवशास्त्र दोन्ही विषय सांभाळले. यांतलं कोण आज त्या कमिटीतून पास झालं असतं?

तुमच्या कामात किलोमागे मजुरी किती हे विचाराच. पण कामाला कोणाच्या ओळखीने लागल्या, उचल कोणाच्या नावावर आहे, पगार घरी कोणाच्या हातात जातो, हेही विचारा. समाजशास्त्र तिथे आहे.

एक मात्र आहे. सिनॉप्सिसमध्ये प्रश्न समाजशास्त्रातल्या एखाद्या चालू वादाला जोडून मांडा, नाहीतर परीक्षक अडवतील. आकडेमोड अर्थशास्त्रवाल्याकडून नीट शिकून घ्या. आणि गाइड हटूनच बसले तर शीर्षकातला ‘मजुरी’ शब्द काढा, प्रकरण काढू नका.