अर्धवट बिल बाजूला ठेवायचं तर स्क्रीन कशी असावी?

मेडिकलच्या बिलिंगमध्ये एक बिल अर्ध्यावर ठेवून दुसरं सुरू करता यावं, तर स्क्रीन कशी आखावी, असं तुम्ही विचारलंय. अशा एका प्रोग्रामवर मी काम केलंय आणि पहिल्या फेरीत सपशेल तोंडावर आपटलोय.

आम्ही 'होल्ड' दिलं होतं. थांबवलेली बिलं 'होल्ड १', 'होल्ड २' अशी ओळीत दिसायची. संध्याकाळच्या गर्दीत एक काका "थांबा, गोळी कितीची ते घरी विचारतो" म्हणून फोन घेऊन बाहेर गेले. ते परतेपर्यंत चार बिलं थांबलेली. काउंटरवरचा मुलगा एकेक उघडून बघतोय, मागची रांग खवळलेली. नाव टाकायची सोय होती, पण गर्दीत नाव टाइप कोण करतो? त्याच्या डोक्यात ते 'बीपीच्या गोळ्यावाले काका' होते. मग आम्ही त्या ओळीत पहिली दोन औषधं, रक्कम आणि बिल थांबवल्याची वेळ आपोआप दाखवायला लागलो.

दुसरं म्हणजे 'सेव्ह करायचं का?' ही चौकट काढा. उत्तर दिल्याशिवाय ती पुढे हलू देत नाही, आणि माणसाला तर घाईने हलायचंच असतं. कट-कॉपी-पेस्ट घडवणाऱ्यांपैकी एक लॅरी टेस्लर अशा अडवणुकीच्या इतके विरोधात होते, की त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरच 'नो मोड्स' होतं! ('मोड' म्हणजे प्रोग्रामची अशी अवस्था, जिच्यात अडकलं की नेहमीचं काम करता येत नाही.) बिलातली प्रत्येक ओळ भरताक्षणीच डिस्कवर लिहा, म्हणजे वीज गेली तरी काही जात नाही. परत उघडल्यावर कर्सर सोडला होता त्याच रकान्यात हवा.

खरी डोकेदुखी साठ्याची. थांबलेल्या बिलात शेवटची स्ट्रिप असेल तर? होल्ड करतानाच वजा केली आणि गिऱ्हाईक आलंच नाही, तर माल फळीवर आणि कॉम्प्युटर म्हणतो 'नाही'. वजा नाही केली, तर शेजारच्या काउंटरवरून ती विकली जाते. आम्ही वजा न करता दुसऱ्या काउंटरला नुसती खूण दाखवली, आणि बिल पुन्हा उघडताना साठा, बॅच, एमआरपी नव्याने तपासली. बॅच बदलली की एमआरपीही बदलू शकते, हे विसरू नका.

यूपीआयचा क्यूआर रकमेसकट स्क्रीनवर आला की मात्र बिल गोठवा. बाजूला ठेवू द्या, पण औषध घालू-काढू देऊ नका. नाहीतर पैसे एका रकमेचे येतात आणि बिल निघतं दुसऱ्याच. दिवस बंद करताना उरलेली थांबलेली बिलं समोर आणा, आपोआप पुसू नका.

आणि होल्डला एकच की द्या. आमची एफ६ होती, मुलं न बघता दाबायची. माऊसने बटण शोधायला लावलंत, तर दोन दिवसांत काउंटरवर कागदाच्या चिठ्ठ्या परत दिसतील.