आधी दाराची कडी बघ

प्रिय,

तुझं पत्र परवा मिळालं, दोनदा वाचलं. विस्थापितांच्या छावणीत बायका-मुलींसोबत काम करायला तू निघाली आहेस याचा मला फार आनंद झाला. पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "ताई, त्यांच्यावर काय गुदरलं ते त्यांनी सांगावं म्हणून त्यांना बोलतं कसं करायचं?" उत्तर लगेच देते. बोलतं करायला जाऊच नकोस.

हे मी चूक करून शिकले. कामाच्या पहिल्याच वर्षी एका बाईसमोर मी वही उघडून बसले होते, शेजारी दुभाषी. बाईने हळूहळू सगळं सांगितलं. नाक्यावर कोणी अडवलं, काय केलं, तेव्हा लेक कुठे होती. मी लिहीत गेले. सांगून झाल्यावर तिने विचारलं, "आता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दवाखान्यात कोणती औषधं आहेत, बाई डॉक्टर असते का, यातलं काही मी आधी पाहिलं नव्हतं. दुभाषी तिच्या दिराच्या घरातली आहे हेही मला नंतर कळलं. ती बाई पुन्हा आमच्याकडे फिरकली नाही. ते पान मी जाळून टाकलं, पण त्याने तिचं काही भलं झालं नाही.

म्हणून छावणीत पोचल्यावर पहिले काही दिवस कोणालाच काही विचारू नकोस. वाट शोध. दवाखाना कुठे आहे, रात्री उघडा असतो का, तिथे बाईची तपासणी करायला शिकलेली बाई आहे का, कायद्याची मदत कोण देतं, जीव धोक्यात असेल तर एक रात्र कुठे काढता येईल. प्रत्येक ठिकाणी स्वतः चालत जा, कोणाला भेटायचं ते नाव विचारून ठेव. बलात्कारानंतर एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी 120 तासांपर्यंत देता येते. हे आकडे छावणीतल्या प्रत्येक बाईला माहीत हवेत, तिच्यावर काही बेतलेलं असो वा नसो. सगळ्याजणी बसलेल्या असताना, कोणाकडेही रोखून न बघता सांग. जिला गरज आहे ती ऐकेल. मुदत उलटून गेली असली तरी दवाखान्यात जायला हवं, हेही सांग. जखमांवर, संसर्गावर, झोप उडवणाऱ्या धास्तीवर नंतरही उपचार होतात.

यानंतर संडासांच्या दारांच्या कड्या बघ. तुला हे क्षुल्लक वाटेल, पण माझ्या मते या कामाची खरी सुरुवात इथेच होते. मदतकार्यासाठी जगभर वापरली जाणारी स्फिअरची मानकं आहेत. त्यांत 20 माणसांमागे किमान एक संडास, सार्वजनिक संडासांत पुरुषांच्या एका संडासामागे बायकांचे तीन, आतून लागणारी कडी, पुरेसा उजेड आणि घरापासून पाण्यापर्यंत 500 मीटरपेक्षा जास्त अंतर नको, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात कडी तुटलेली असते, दिवा महिनाभर बंद असतो आणि बायका संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडून देतात, म्हणजे रात्री उठावं लागायला नको. हे तुला कोणी आपणहून सांगणार नाही. त्यासाठी नकाशा काढायला बस. जमिनीवर खडूने किंवा काडीने बायकांनाच छावणी काढू दे. पाणी, दवाखाना, सरपण, वाटपाची जागा. मग एवढंच विचार, "अंधार पडल्यावर तुम्ही कुठे जात नाही?" स्वतःचं काहीही न सांगता त्या तुला सगळं दाखवतील. सुदानमधल्या दारफुरमध्ये बायकांवर हल्ले व्हायचे ते छावणीबाहेर सरपण आणायला गेल्यावर. तिथे गस्तीच्या सोबतीने सरपणाला जाणं आणि कमी लाकडात पेटणाऱ्या चुली, असे उपाय करून पाहिले गेले. पाहणीत काय सापडलं ते छावणी चालवणाऱ्यांपुढे मांड, आणि दिवा लागेपर्यंत त्यांच्या मागे लाग. तो लागला की बायका ओळखतात, ही सांगितलेलं करते. पुढे एखादी कधीतरी एकटीच येते आणि दारात घुटमळते.

ती आली तर काय करायचं? तोंड उघडायच्या आधीच तिला सांग की ऐकलेलं तू कोणाकडेही नेणार नाहीस, आणि कोणत्या बाबतीत तुला ते पुढे कळवावंच लागतं. काही ठिकाणी डॉक्टरांना किंवा संस्थेला पोलिसांत कळवण्याची सक्ती असते. हे बोलण्याआधी कळलं तर काय सांगायचं आणि काय नाही, हे ती ठरवू शकते. मग ऐक. "का गेली होतीस?", "ओरडली का नाहीस?" असले प्रश्न जिभेवरही येऊ देऊ नकोस. तिच्यापुढे वाटा ठेव, निवड तिला करू दे. ती दवाखान्यात जाईल पण तक्रार करणार नाही म्हणाली, तर ते तिचं ठरलं. तुला कितीही राग आला तरी. फोन करायचा असेल तर फोन कोणाच्या हातात असतो आणि कोणत्या वेळी केलेला चालेल, ते विचार. माहितीपत्रक तिच्या घरी नेऊन देऊ नकोस, ते भलत्याच्या हाती लागलं तर भोगणार ती. फोटो कधीच नाही, अहवालासाठी कोणी मागितला तरी.

तू म्हणशील, मग साक्ष कोण नोंदवणार, न्याय कसा मिळणार? प्रश्न रास्त आहे. रवांडाच्या नरसंहारानंतर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे अकायेसू नावाच्या महापौरावर खटला चालला. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. साक्षीला आलेल्या बायकांनी न्यायालयात ते सांगितलं. खंडपीठावर नवनीतम पिल्ले या एकट्या बाई न्यायाधीश होत्या. आरोपपत्र 1997 मध्ये बदललं गेलं, आणि 2 सप्टेंबर 1998 च्या निकालात बलात्कार हा नरसंहाराचाही भाग असू शकतो, असं पहिल्यांदाच मानलं गेलं. त्या बायकांच्या शब्दांमुळे कायदा बदलला, हे मी कधी विसरत नाही. पण साक्ष नोंदवणं हे प्रशिक्षित तपास करणाऱ्यांचं काम आहे, तुझं नाही. एकाच बाईला पाच संस्थांनी पाच वेळा तेच सांगायला लावलं की तिला ते पुन्हापुन्हा भोगावं लागतं, आणि तपशील थोडे जरी इकडेतिकडे झाले तर वकील तेच तिच्यावर उलटवतात. इस्लामिक स्टेटच्या कैदेत असे अत्याचार सोसलेल्या इराकच्या नादिया मुराद यांच्या नावाने, साक्ष नोंदवणाऱ्यांसाठी 2022 मध्ये आलेली आचारसंहिता नेमकी यासाठीच आहे. तुझं काम, तिला साक्ष द्यायची असेल तर योग्य माणसापर्यंत सुखरूप पोचवण्याचं.

बायकांना बसायला जी जागा कराल, तिच्यावर अत्याचारग्रस्तांसाठी अशी पाटी लावू देऊ नकोस. पाटी वाचून कोणी आत येणार नाही, आणि जी येईल तिच्याकडे सगळी छावणी बोट दाखवेल. तिथे शिवण असू दे, अक्षरओळख असू दे, नुसतं टेकायलाही चालू दे. म्हाताऱ्या आणि अपंग बायका तिथवर येत नाहीत, त्यांच्या तंबूपर्यंत तूच जा.

मुलींबद्दल जरा जास्त लिहायला हवं, कारण सगळ्यात आधी त्याच नजरेआड होतात. बारा-तेरा वर्षांची मुलगी लहान मुलांच्या खेळाच्या जागेत मोठी ठरते आणि बायकांच्या बैठकीत लहान. शाळा बंद पडलेली, घरात खायला कमी, आणि आईबापांना वाटतं, लग्न लावून दिलं तर निदान तिच्या अब्रूची चिंता मिटेल. भीतीपोटी लग्न लावणाऱ्या आईला दोष देऊन काही हाती लागत नाही. ती कशाला घाबरते ते ऐक, त्यातली एखादी भीती तरी तुला कमी करता येते का बघ. मुलींची बैठक त्यांची कामं उरकतात त्या वेळी ठेव, तुझ्या सोयीने नाही. कडेवर धाकटं भावंड येणारच, त्यांच्यासाठी कोपऱ्यात सतरंजी अंथर. नाहीतर पुढच्या वेळी ती येणार नाही. पाळीसाठी लागणाऱ्या वस्तू वाटताना त्यांना आधी विचार, कोणत्या चालतात आणि धुवून वाळवायला आडोसा आहे का.

एक गोष्ट लिहिताना हात अडखळतो, पण लिहायलाच हवी. धोका मदत करणाऱ्यांकडूनही असतो. 2002 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया, गिनी आणि सिएरा लिओनमधल्या निर्वासित छावण्यांत मदतकार्यातलेच लोक धान्याच्या बदल्यात मुलींचं शोषण करत असल्याचं उघड झालं. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी यावर स्पष्ट मनाई करणारे नियम काढले. तेव्हा प्रत्येक वाटपाआधी मोठ्याने सांग, हे फुकट आहे, याच्या बदल्यात कोणीही काहीही मागू शकत नाही, आणि मागितलं तर तक्रार कुठे करायची. तुझ्या सहकाऱ्यांना हे ऐकताना अवघडल्यासारखं होईल, होऊ दे.

आणि या बायकांकडे फक्त सोसणाऱ्या म्हणून पाहू नकोस. 2003 मध्ये लायबेरियात ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून एकत्र बसल्या, युद्ध थांबवा म्हणाल्या. त्यांच्यातल्या काहीजणी आपल्या नेत्या लेमा बोवी यांच्यासोबत घानाच्या राजधानीत, अक्राला गेल्या आणि तडजोडीची बोलणी चालू होती त्या सभागृहाचं दार अडवून बसल्या. त्याच वर्षी 18 ऑगस्टला करार झाला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने शांतताप्रक्रियेत बायकांना स्थान हवं असा 1325 क्रमांकाचा ठराव 2000 मध्येच केला होता, पण दार अडवायला त्या स्वतःच्या बळावर गेल्या होत्या. तुझ्या छावणीतही तू येण्याआधीपासून कोणीतरी बाळंतपणं करतं, भांडणं सोडवतं, रात्री तरण्या मुलींना आपल्या तंबूत झोपवतं. तिला शोध आणि काय करायचं ते तिला विचार. तिचा वेळ घेशील तर मोबदला मिळेल असं बघ. छावणीतल्या बायकांकडून फुकट राबवून घेण्याची सवय आपल्या क्षेत्रात फार आहे, मला ती कधीच पटली नाही. शिवाय ऐकलेल्या गोष्टी घेऊन तीही रात्री त्याच तंबूत परत जाते. तिच्याशी आठवड्यातून एकदा तरी निवांत बोलत जा.

तुमचा निधी कधी संपणार ते पहिल्या महिन्यातच सगळ्यांना सांगून टाक. अचानक कुलूप लागलेलं दार या बायकांनी आधीच खूप पाहिलं आहे.

पहिला नकाशा काढून झाला की मला कळव. पत्रात कोणाचं नाव लिहू नकोस. किती दारांना कडी नाही आणि कुठला दिवा बंद आहे, तेवढंच लिही.

तुझी,
ताई